तांबड्या उजेडातली माणसं

१

आठवड्यातले बरेचसे दिवस मी कोंबड्यांच्या शेडी बघत हिंडते. चाकणपासून राजगुरुनगरपर्यंत जिथे अजून कंपनी आली नाही की गोदाम उभं राहिलं नाही, तिथे कुठे ना कुठे शेड असतेच. मी रीतसर शिकलेली पशुवैद्य आहे, पण कासारवाडीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मला ‘कोंबड्यांची डॉक्टर’ म्हणतात आणि गालात हसतात. हसू देत. त्यांच्या आयटीतल्या मुलांपेक्षा माझे पेशंट कमी कटकट करतात.

शेडमध्ये शिरताना आम्हा बायकांची एक सवय असते. कपाळावरची टिकली काढायची आणि दाराच्या चौकटीला चिकटवायची. कोंबडीला लाल ठिपका दिसला की ती टोच मारते, मग तो कपाळावर असो नाहीतर दुसऱ्या कोंबडीच्या मानेवर. एकीच्या अंगावर रक्ताचा थेंब दिसला की शेजारची टोचते, तिचं बघून तिसरी, आणि सकाळी त्या कोंबडीची फक्त पिसं गोळा करावी लागतात. म्हणून शेडमध्ये अंधार पडला की लाल बल्ब लावतात. लाल उजेडात रक्त उठून दिसत नाही. दिवसा जखमेवर जांभळं औषध फासायचं, म्हणजे तेव्हाही दिसत नाही. शेडवाले म्हणतात, लाल बल्बनं टोचाटोची थांबते. ती काही पूर्ण थांबत नाही. थोडीफार चालू राहते, पण जिवावर बेतत नाही, एवढंच. बाकी एकच नियम सांभाळायचा. जखमी कोंबडी आत असताना पांढरा दिवा लावायचा नाही.

नानासाहेबांची शेड माझ्या फेरीतच होती. त्यांच्या घरात माझी धाकटी बहीण सुखदा दिलेली. म्हणजे आम्ही कसली देतोय, तिचं तिनंच जमवलं होतं. चाकणच्या एका कंपनीत ती अकाउंट्सला आणि नानासाहेबांचा जयदीप क्वालिटीला. घर चांगलं, माणसं खाऊनपिऊन सुखी, शेडला लागूनच दोन मजली बंगला. आईनं नाक मुरडलं आणि मग अक्षता टाकल्या.

२

त्या घरात भांडणं होती. मी ती कानांनी ऐकली आहेत, तीही चहाचा कप हातात धरून.

नानासाहेबांना शेड चालवायची होती. जयदीपला शेड पाडून जागा गोदामाला भाड्यानं द्यायची होती. “मी हाय तवर हितं पत्र्याचं गोदाम हुणार न्हाई,” नानासाहेब गरजायचे. “मग बसा अंडी मोजत!” जयदीप म्हणायचा. आणि अंबुबाई, म्हणजे सुखदाची सासू, भाकरी थापता थापता आतून ओरडायच्या, “ही यायच्या आदी न्हवतं असलं काय. हिनंच भरवलंय त्याच्या डोक्यात.” सुखदाही गप्प बसणारी नव्हती. ती बाहेर येऊन फाडफाड बोलायची, मग खोलीत जाऊन रडायची आणि मला फोन करायची.

“ताई, मी येऊ का गं तिकडे? कायमची?”

“ये,” मी म्हणायचे. आई बाजूनं खुणा करायची, की असं सांगू नकोस, पहिलं वर्ष असंच असतं. मला आईचा राग यायचा. सुखदा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, तिला मी कडेवर घेऊन फिरवलंय. ती त्या घरात सुकत चालली होती आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

एका संध्याकाळी मी तिथे असतानाच कडाक्याचं वाजलं. नानासाहेबांनी ताट भिरकावलं. जयदीप तरातरा उठून शेडकडे गेला, मला वाटलं आता हा काही तरी आणतो आणि मारामारी होते. तो आला तो उरलेला लाल बल्ब घेऊन. स्टुलावर चढला, हॉलमधला पांढरा बल्ब काढला आणि लाल लावला.

“कोंबड्या गप बसतात ना याच्याखाली? आता बघू तुमचं!”

क्षणभर सगळे त्या तांबड्या उजेडात एकमेकांकडे बघत राहिले. मग अंबुबाईंना हसू फुटलं. नानासाहेबही हसले. मी पण हसले. त्या घरात मी पहिल्यांदाच सगळ्यांना एकदम हसताना बघत होते, आणि मला जयदीपचं कौतुक वाटलं.

३

त्यानंतर सुखदाचे रडके फोन बंद झाले.

“बल्ब काढलाच नाही आम्ही,” ती सांगत होती. “जयदीपनं सगळ्या खोल्यांत लावलेत. डोळ्यांना बरं वाटतं. आता कोणी कोणाला ओरडत नाही.”

“आणि गोदाम?”

“विषयच निघत नाही.”

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. फक्त फोनवर बोलताना मला तिच्यामागे काही ऐकू येईना. आधी तिचा फोन आला की टीव्ही असायचा, कुकरची शिट्टी, नानासाहेबांचं खाकरणं, अंबुबाईंचे टोमणे. आता तिच्या श्वासाशिवाय काही नाही. मधूनच एक बारीक ‘टक्’ असा आवाज यायचा, वाळकी शेंग फोडल्यासारखा, आणि सुखदा बोलता बोलता थांबायची. मग वाक्य जिथे सोडलं तिथूनच पुढे बोलायला लागायची.

“शेंगा सोलताय का?” मी एकदा विचारलं.

“नाही. का?”

शिकत असताना मी दोन वर्षं कोंबड्यांच्या मेंदूवर काम केलं होतं. मेंदूत केसाएवढ्या तारा बसवायच्या आणि कोंबडी चिडते तेव्हा आत काय होतं ते पडद्यावर बघायचं. कोंबडी फडफडायची, मान फुगवून धावून जायची, तेव्हा पडद्यावरची रेघ वेडीवाकडी नाचायची. ते अपेक्षितच होतं. पण खरी टोच, रक्त काढणारी, तिच्या आधी माझ्या पडद्यावर रेघ आडवी व्हायची. जवळजवळ सरळ. आमचे सर म्हणाले, तार सैल झाली असेल, पुन्हा बसव. मी पुन्हा बसवली, पुन्हा तेच. सर म्हणाले, हे प्रबंधात घालू नकोस, कोणी विचारलं तर उत्तर काय देशील? मी घातलं नाही.

चिडलेली कोंबडी आवाज करते, पिसं उडवते आणि बहुतेकदा कोणाला काही होत नाही. मला ते आता आठवायला नको होतं. माणसं म्हणजे कोंबड्या नव्हेत, मी स्वतःला बजावलं. घरात शांतता झाली तर देवाला नारळ फोडावा, मेंदू कसले आठवतेस?

४

दिवाळी झाल्यावर सुखदा दुपारची कासारवाडीला आली. दारात चप्पल काढली, कपाळावरची टिकली काढली आणि आमच्या चौकटीला चिकटवली.

“हे काय?” मी म्हटलं. “ही काय शेड आहे?”

तिनं टिकलीकडे बघितलं. “सवय,” ती म्हणाली. पण टिकली परत लावली नाही.

तब्येत चांगली दिसत होती. गालांवर तेज होतं, आवाज गोड होता, आईशी ती कधी नव्हे इतकी नीट बोलली. सासूचं कौतुक केलं, सासऱ्यांचं केलं. आईनं माझ्याकडे ‘बघ, मी सांगत नव्हते?’ असा कटाक्ष टाकला. फक्त सुखदा सगळा वेळ भिंतीला पाठ लावून बसली होती. पाणी प्यायला उठली तरी कडेकडेनं, पाठ आमच्याकडे न करता. ओढणी मानेभोवती घट्ट गुंडाळलेली.

ती वाकून पिशवीतनं अंडी काढत होती तेव्हा ओढणी सरकली. मानेवर, केस सुरू होतात तिथे, रुपयाएवढी जागा टक्कल पडल्यासारखी मोकळी होती. आणि तिच्यावर जांभळा डाग. तो रंग मी हजार पिसांवर पाहिला आहे, स्वतःच्या बोटांवरून दगडानं घासून काढला आहे.

“सुखे, हे कोणी लावलं?”

“आईंनी. डास चावला होता, खाजवून खाजवून जखम झाली.”

“कोंबड्यांचं औषध?”

“लागू पडतं की.” ती हसली. “दुखत नाही, ताई. खरंच.”

तिच्या मानेवरचे केस खाजवून गेलेले नव्हते. उपटलेले होते. पण असं एखाद्या डासाच्या चाव्यावरून काय काय समजायचं? मी पुढे काही बोलणार तेवढ्यात आईनं दिवेलागण म्हणून ट्यूब लावली. सुखदा ताडकन उठली. ओढणी दोन्ही हातांनी मानेवर दाबून धरली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. आई बटणापाशीच थांबली होती. ती सुखदाच्या मानेकडे बघत होती, बराच वेळ, पापणी न हलवता. तिच्या तोंडावर काळजी नव्हती, कसलंच काही नव्हतं.

“मी निघते,” सुखदा म्हणाली आणि गेलीसुद्धा.

आई भानावर आली. “काय घाई हिची,” म्हणाली, आणि वातींचं तबक उचलून देवापाशी गेली.

५

दुसऱ्याच दिवशी, शेवटची शेड उरकून, मी न सांगता त्या घरी गेले. सूर्य मावळला होता, पण शेतापलीकडच्या कंपनीच्या पत्र्यावर अजून उजेड होता. शेडमधून कोंबड्यांची निजण्याआधीची कुरकुर ऐकू येत होती. घरातून काही नाही. सगळ्या खिडक्या लाल होत्या.

दाराच्या चौकटीला टिकल्या होत्या. सुखदाच्या, लहान, ओळीनं कितीतरी. त्यांच्या वरच्या बाजूला, लाकडावर, बोट पुसल्याचा मोठा लाल फराटा होता. अंबुबाई टिकली लावत नाहीत, त्या कुंकू लावतात. मेणावर, आडवं, ठसठशीत. नवरा समोर धडधाकट बसलेला असताना ती बाई रोज दारात कपाळ पुसून घरात शिरत होती.  परत फिरावं असं फार वाटलं, पण आत माझी बहीण होती.

“या, या, डॉक्टरीणबाई!” नानासाहेब उठून उभे राहिले. “अगं, ताट वाढ त्यास्नी.”

मंडळी जेवायला बसतच होती. हॉलमध्ये सतरंजीवर चार ताटं, पाचवं माझ्यासाठी आलं. तांबड्या उजेडात भाताचा आणि पिठल्याचा रंग एकच दिसत होता. अंबुबाईंनी मला आग्रह केला. जयदीपनं रस्त्याच्या ट्रॅफिकची चौकशी केली. सुखदा मध्ये बसली होती, तिच्यामागून सगळ्यांची ये-जा.

“आता तंटा न्हाई बगा आमच्यात,” अंबुबाई म्हणाल्या. “ज्येची त्येची जागा ज्येला त्येला कळली की मान्सं ग्वाड ऱ्हात्यात.”

“आमी काय रागावतो का हिला आता? इचारा,” नानासाहेब म्हणाले.

“नाही,” सुखदा म्हणाली. “कोणीच रागवत नाही.”

अंबुबाई आमटी आणायला उठल्या. सुखदाच्या मागून जाताना त्यांचा हात खाली आला आणि वर गेला. टक्. इतकं चटकन, की मला वाटलं त्यांनी तिच्या खांद्यावरचं काही झटकलं. सुखदाचा घास तोंडापाशी थांबला, मग आत गेला. थोड्या वेळानं जयदीप पाणी घ्यायला उठला. त्याची दोन बोटं, अंगठा आणि तर्जनी, एकमेकांना जुळलेली होती. टक्. तो बसला आणि माझ्याशी बोलायला लागला. त्याचा आवाज प्रेमळ होता. त्याच्या चेहऱ्यावर मी राग शोधला, पण तो औषधालासुद्धा नव्हता.

मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. लाल उजेडात सावल्या फसवतात. नवरा-बायकोची थट्टा असेल. सासूची मायेची चापट असेल. डॉक्टर बाई, नीट बघा आणि मग बोला, मी मनाशी म्हटलं.

आणि नीट बघायला मी मोबाईलची बॅटरी लावली.

६

पांढऱ्या उजेडात सुखदाची मान ओली होती. रक्त ओढणीच्या काठातून झिरपून कुर्त्याच्या पाठीवर कंबरेपर्यंत उतरलं होतं, जुनं काळं आणि त्यावर ताजं लाल. तिच्या ताटाच्या कडेवरसुद्धा थेंब होते.

कोणी किंचाळलं नाही. तिघांचेही हात ताटात थांबले. नानासाहेबांनी मान एका बाजूला कलती केली, आणखी कलती केली आणि एका डोळ्यानं त्या मानेकडे बघायला लागले. मग अंबुबाईंनी. मग जयदीपनं. तिघंही अगदी स्वस्थ. जयदीप बसल्या जागेवरून पुढे सरकला, सतरंजीवर त्याच्या गुडघ्याचा आवाज झाला.

“ताई,” सुखदा माझ्याकडे न बघता म्हणाली, “बंद कर. ताई, लवकर बंद कर.”

मला नियम माहीत होता. शेडवाल्यांना तो मीच सांगते. मला बटण सापडेना, आणि तेवढ्यात अंबुबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. मी मोबाईल सतरंजीवर उपडा दाबला.

पुन्हा सगळं तांबडं झालं. रक्त नाहीसं झालं. अंबुबाई उभ्याच होत्या, आपण कशाला उठलो ते आठवत असल्यासारख्या. “भात आणू का आणि?” त्यांनी विचारलं.

मी उठले आणि सुखदाच्या दंडाला धरलं. “हिला घेऊन जाते मी. आईला बरं नाहीये.”

“जावा की,” नानासाहेब म्हणाले. “अंडी द्या गं त्यास्नी.”

“उद्या शिफ्ट सुटली की न्यायला येतो,” जयदीप म्हणाला. तो गाडीपर्यंत सोडायला आला, सुखदाला दार उघडून दिलं. अंगणात दिवा नव्हता. देवाचे आभार.

७

गाडी हमरस्त्याला लागली तेव्हा मी रडत होते. सुखदा शांत होती. मी तिला बडबडून सांगितलं की आपण सरळ हॉस्पिटलला जातोय, मग पोलिसांत, आणि त्या घरात तुला मी पाऊल टाकू देणार नाही.

“त्यांची चूक नाही गं,” ती म्हणाली. “कोणीतरी असतंच. मी आले तेव्हापासून मीच होते, फक्त आधी आरडाओरड करायचे सगळे. आता कसं, पटकन होतं.”

“वेडी आहेस का? तू माणूस आहेस!”

“आई पण बघत होती काल,” ती म्हणाली.

 तळेगाव चौकाच्या अलीकडे नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. कंटेनर, कंपनीच्या बसेस, टेम्पो, सगळ्यांचे मागचे दिवे पेटलेले. पुढे पाहावं तिथवर लाल. गाडीच्या आत, आमच्या हातांवर, सुखदाच्या गालावरही तोच रंग. मला त्या उजेडात धीर आला. मी तिच्याकडे बघू शकत होते. तिचा हात हातात घेऊन मी म्हटलं, सुखे, मी आहे ना. ती लहानपणी हसायची तशी हसली आणि ओढणी सैल करून खिडकीकडे वळून बसली.

मग रांग हलली. पुढचे लाल दिवे एकेक करून विझत गेले. मागच्या ट्रकनं वाट मोकळी दिसताच मोठा दिवा टाकला आणि मागच्या काचेतून पांढरा लख्ख उजेड आमच्या गाडीत आला.

तिची मान माझ्या हातभर अंतरावर होती. जांभळं औषध धुऊन गेलं होतं. मधोमध एक थेंब होता, भरत चाललेला, फार सुंदर लाल. मला गाडी पुढे घ्यायची होती हे मला कळत होतं. हॉस्पिटल कुठल्या वळणावर आहे तेही कळत होतं. ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता, पण तो आवाज लांब कुठेतरी होता. माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबलं. माझा उजवा हात स्टिअरिंगवर तसाच होता, पण डावा गिअरवरून उठला होता आणि त्याची दोन बोटं जुळलेली होती.

सुखदानं वळून बघितलं नाही. तिनं वेणी उचलून पुढे घेतली आणि मान थोडी खाली वाकवली.

“आटप ताई पटकन,” ती म्हणाली. “मागचे खोळंबलेत.”